भाज्याहून विद्यापीठाकडे

आषाढसरी सह्याद्रीवर कोसळू लागल्या म्हणजे पुण्या-मुंबईकडील मंडळींची पावले मावळाकडे वळतात. मळवलीच्या लहानशा स्थानकावर लोकल थांबते, छत्र्या उघडतात आणि माणसांची रांग द्रुतगती महामार्गावरील पूल ओलांडून भाजे गावाच्या वाटेस लागते. माथ्यावर लोहगड आणि विसापूर, मध्ये धबधबा आणि डोंगराच्या कुशीत दोन हजार वर्षांहूनही प्राचीन अशी २२ लेणी. मंडळी चिंब भिजतात, गरम भजी खातात आणि दिवेलागणीपूर्वी घराकडे परततात.

याच दिवसांत याच स्थानकावर आणखीही एक प्रवास सुरू होत असतो. तो पाहुण्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. पुण्याकडून आलेली गर्दी एका फलाटावर उतरत असते, त्याच वेळी समोरच्या फलाटावर पुण्याची गाडी धरण्यासाठी भाजे, पाटण, देवले अशा गावांतील काही मुले-मुली उभी असतात. बारावीचा निकाल लागलेला असतो. पावसाच्या पाण्यापासून जपण्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रे त्यांच्या छातीशी धरलेली असतात. पदवीच्या शिक्षणासाठी घराबाहेर पाऊल टाकणारे त्या घरातील ते पहिलेच माणूस असण्याचा संभव पुष्कळ असतो. त्या पिशवीत काय असावयास हवे, ते केव्हा जमवावयास हवे आणि महाविद्यालयाचे दार एकदा उघडल्यावर आत काय सांभाळावयास हवे, याचा विचार प्रस्तुत भाषणात करावयाचा आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट सांगणे इष्ट आहे. प्रवेशाची खटपट निकालानंतर सुरू होते, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. निकालानंतर होते ती केवळ नोंद. प्रवेशाचे खरे वर्ष म्हणजे अकरावीचे वर्ष होय. शहरातील सुशिक्षित घरात हे कोणी शिकवावे लागत नाही. तेथे वडील भावाने एकदा अर्ज भरलेला असतो, मावशीला तारखा ठाऊक असतात, दाखले कपाटात असतात. घरच मुलाच्या वतीने दोन वर्षे आधी तयारी करीत असते आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो. ज्या घरात असे जाणते माणूस नाही, त्या घरातील मुलास हीच तयारी स्वतः, समजूनउमजून आणि वेळेवर करावी लागते. दोघांच्या गुणपत्रिका सारख्या असूनही एकास जागा मिळते आणि दुसऱ्याची हुकते, याचे कारण पुष्कळदा बुद्धीत नसते; ते या अदृश्य तयारीत असते.

विद्यापीठाच्या दाराचा इतिहास पाहिला तर हे अधिक उमगेल. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. ही परीक्षा विद्यापीठच घेत असे. ती उतरला की विद्यार्थ्यास विद्यापीठात पाऊल ठेवण्याचा अधिकार मिळे. दार अरुंद होते खरे, परंतु ते एकच होते आणि कोठे आहे ते सर्वांस दिसत असे. तथापि त्या काळीही बुद्धी असून दाराशी अडलेल्या मुलांची वाण नव्हती. धोंडो केशव कर्वे हे रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे. १८७५ साली सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठी ते पावसापाण्यातून, घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवीत साताऱ्यास पोहोचले. तेथे त्यांचे वय सतरा वर्षांहून कमी दिसते, या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. परीक्षा झालीच नाही, तर ज्ञान कोणास दाखवावयाचे? हाच मुलगा पुढे पदवीधर झाला, फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचा प्राध्यापक झाला आणि १९१६ साली त्याने स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले. या हकिगतीतून दोन बोध घ्यावयाचे. एक असा की, दाराशी झालेला नकार हा बुद्धीवरचा निकाल नव्हे. दुसरा असा की, अंतर तोडण्याइतकेच दाराशी काय विचारले जाते हे आधी जाणणेही महत्त्वाचे आहे.

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. डॉ. मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. २०१४ साली त्यास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. मावळ तालुक्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे भाज्याच्या मुलास विद्यापीठ लांब नाही. लोकलने पुणे सुमारे ५५ किलोमीटर, आणि लोणावळा व तळेगाव दाभाडे येथील महाविद्यालये त्याहूनही जवळ. अडचण अंतराची राहिलेली नाही. अडचण ही की, पूर्वीचे एक दार जाऊन आता अनेक दारे झाली आहेत आणि प्रत्येकाची किल्ली निराळी आहे.

ही दारे कोणती ते पाहू. कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांच्या नेहमीच्या पदव्यांसाठी सामान्यतः बारावीचे गुण पाहिले जातात. महाविद्यालये आपापले अर्ज मागवितात आणि गुणानुक्रमे याद्या लावतात. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी या विषयांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी निराळी सीईटी आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी देशभर नीट ही एकच परीक्षा आहे. केंद्रीय विद्यापीठांतील पदवीप्रवेशासाठी २०२२ पासून आणखी एक देशव्यापी परीक्षा सुरू झाली आहे. व्यवस्थापन आणि संगणक उपयोजन यांतील बीबीए, बीसीए यांसारख्या पदव्यांसाठी पूर्वी बारावीचे गुण पुरत. २०२४ पासून त्यांसाठीही राज्याची सीईटी घेण्यात येऊ लागली. त्या वर्षी ज्यांना हे उशिरा कळले, त्यांची किती तारांबळ उडाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाने जे केले तेच यंदा चालेल, असे धरून चालणे हा म्हणूनच सर्वांत मोठा धोका होय. नियम दरवर्षी अधिकृत माहितीपुस्तिकेतूनच वाचावा.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट कालाची आहे. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होते. परंतु सीईटीच्या अर्जांची मुदत बहुधा त्याच्या आधी किंवा त्याच सुमारास येऊन ठेपते. अभ्यासाच्या ऐन भरात अर्ज राहून गेला, तर पुढे कितीही गुण पडोत, त्या वर्षापुरते ते दार बंदच. याकरिता बारावीच्या दिवाळीपर्यंत कोणत्या दाराने जावयाचे याचा निर्णय व्हावा. एकच दार धरून बसू नये. एक मनाजोगते, एक आवाक्यातले आणि एक खात्रीचे, असे तीन मार्ग लिहून ठेवावेत.

आता कागदपत्रांकडे वळू. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार कार्ड, अधिवासाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हे बहुतेकांस लागतात. मावळातील मुलांस यांपैकी महसुली दाखल्यांसाठी वडगावच्या तहसील कार्यालयाशी किंवा सेतू केंद्राशी काम पडते. या सर्व कागदांवरचे नाव अक्षरशः एकच असावे. शाळेत एक आडनाव, आधारावर दुसरे, कोठे वडिलांचे नाव अर्धे, कोठे इंग्रजी स्पेलिंग निराळे, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या फरकांनी ऐन वेळी फेऱ्यांवर फेऱ्या माराव्या लागतात. मूल शाळेत आहे तोवर नोंदवहीतील चूक दुरुस्त करून घेणे सोपे असते. शाळा सुटल्यावर तेच काम फार अवघड होऊन बसते. म्हणून नववी-दहावीतच सर्व कागद एका ओळीत मांडून नावे पडताळून पाहावीत. या कामास पैसा लागत नाही, एक संध्याकाळ लागते.

राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास जातीचा दाखला लागतोच. शिवाय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या दाखल्याची पडताळणी समितीने केलेली असावी लागते. येथेच अनेक मुलांची वाट अडते. पडताळणीसाठी कुटुंबाचे जुने पुरावे मागितले जातात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वीचा पुरावा यात महत्त्वाचा ठरतो. ज्याचे आजोबा शाळेत गेले होते, त्याला त्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा मिळतो. ज्याचे आजोबा शाळेचे तोंडही न पाहता गुरांमागे गेले, त्याने काय दाखवावे? त्याला मग गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, कोतवालाच्या पुस्तकातील उतारा, जमिनीचे जुने कागद शोधावे लागतात. यांतील पुष्कळ नोंदी मोडी लिपीत असतात. त्या वाचून देणारा जाणकार गाठावा लागतो. ज्या घराला शिक्षण मिळाले नाही, त्याच घराकडे शाळेचा जुना कागद नसावा हे ओघानेच आले. आणि तोच कागद शिक्षणासाठी मागितला जावा, हा या व्यवस्थेतील कठोर विरोधाभास आहे. तो दूर होईल तेव्हा होवो. तूर्त उपाय एकच. अकरावीत प्रवेश घेताच पुराव्यांचा शोध सुरू करावा आणि विहित मुदतीत महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज द्यावा. इतर मागासवर्ग वगैरेंस लागणारा नॉन-क्रिमीलेअर दाखला मात्र मुदतीचा असतो. ज्या आर्थिक वर्षात प्रवेश घ्यावयाचा, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो चालू आहे की नाही हे पाहून घ्यावे.

सीईटीनंतरचे प्रवेश केंद्रीय पद्धतीने, फेऱ्याफेऱ्यांनी होतात. विद्यार्थ्याने महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावयाचा असतो. या क्रमाकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. यंत्र वरून खाली वाचत जाते आणि गुणानुक्रमे जी पहिली जागा मिळू शकेल ती देऊन टाकते. पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारावी लागते. नाकारली तर पुढील फेऱ्यांत स्थान राहत नाही. म्हणून जेथे खरोखर जावयाचे, राहण्याची आणि खर्चाची सोय जेथे लागेल, तेच नाव वर लिहावे. नावाला भुलून लिहिलेले पहिले नाव गळ्यात पडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पैशाचा प्रश्न असाच आगाऊ सोडवावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयान्वये, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांतील मुलींना केंद्रीय पद्धतीने मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क यांची पूर्ण माफी आहे. ही सवलत फार मोठी आहे. परंतु शुल्क म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. खोली, जेवण, पुस्तके, गाडीभाडे यांची तरतूद निराळी करावी लागते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर स्वतंत्रपणे भरावे लागतात. प्रवेश मिळाला म्हणजे शिष्यवृत्ती आपोआप मिळाली असे होत नाही. शिवाय ती रक्कम हाती पडावयास महिने लागतात. सबब पहिल्या चार महिन्यांचा खर्च घरात शिल्लक हवा. भाताची लावणी आणि महाविद्यालयाचा पहिला हप्ता हे दोन्ही एकाच महिन्यात येतात, हे मावळातील शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

पुण्यात गरीब विद्यार्थ्याची सोय लावण्याची परंपरा जुनी आहे. एके काळी मुले माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत आणि शिकत. पुढे त्या दयेची जागा संस्थांनी घेतली. १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यांतून येणाऱ्या असंख्य मुलामुलींना निवारा दिला. शासनाची वसतिगृहे आहेत, निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत. विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने कमवा आणि शिका योजना चालते. तीत विद्यार्थी काही तास काम करून मोबदला मिळवितो. या सर्वांचे अर्जही मुदतीत करावे लागतात आणि जागा मोजक्याच असतात.

आता घरून जाऊन-येऊन शिकावे की पुण्यात राहावे? येथे थोडे गणित करून पाहावे. भाज्याहून मळवली, तेथून लोकल, तेथून बस, असा प्रवास एका बाजूस दीड तासाचा धरला तर दिवसाचे तीन तास झाले. वर्षातील १८० दिवसांचे ५४० तास होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक मिळवावयाचे असतात, आणि व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन. वर्षाचे ४४ श्रेयांक धरले तर ६६० तास भरतात. म्हणजे विद्यार्थी वर्षभर जितके तास वर्गात बसतो, जवळजवळ तितकेच तास तो प्रवासात घालवितो. हे तास वाया घालविले तर घरून शिकणे महाग पडते. त्यांचा अर्धा भाग जरी वाचनास दिला, तर लोकलचा डबा हे दुसरे महाविद्यालय होते. मासिक पासात विद्यार्थ्यांस सवलत मिळते. तीसाठी महाविद्यालयाचे पत्र पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावे.

प्रवेश झाला, मासिक पासही हाती आला. यानंतरची परीक्षा कोणी जाहीर करीत नाही. शाळेत शिक्षक विद्यार्थ्याच्या मागे असतात. महाविद्यालयात विद्यार्थ्याने शिक्षकांकडे जावयाचे असते. शंभर मुलांच्या वर्गात एखादा मुलगा चार दिवस आला नाही, तर घरी निरोप येईलच असे नाही. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम मात्र सत्राच्या अखेरीस नेमका आठवतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलास सर्वांत मोठा धक्का इंग्रजीचा बसतो. विषय समजलेला असतो, शब्द समजत नाहीत, आणि मग तो स्वतःलाच मंद समजू लागतो. यावर उपाय साधा आहे. वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. एका बाजूस इंग्रजी संज्ञा, दुसऱ्या बाजूस तिचा अर्थ स्वतःच्या मराठीत. बारावीनंतरच्या रिकाम्या दोन महिन्यांत रोज एक पान पदवीच्या पुस्तकाचे वाचले, तर दिवाळीपर्यंत भीती ओसरते. पहिल्या महिन्यात ग्रंथालयाचे ओळखपत्र घ्यावे, कार्यालयातील एका लेखनिकाची आणि एका प्राध्यापकाची ओळख करून घ्यावी, वरच्या वर्गातील आपल्या भागातील एखादा विद्यार्थी शोधावा. घरी जे जाणते माणूस नव्हते, ते येथे आपण होऊन मिळवावयाचे असते. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता वर्ष गमावण्यात मात्र मोठे नुकसान आहे.

शहरातील घरांनी यात काय करावे? प्रथम आपल्या मुलांस त्यांचे अर्ज त्यांनाच भरू द्यावेत. सर्व दाखले बापाने जमविले आणि रांगेत आई उभी राहिली, तर मुलगा प्रवेश मिळवितो, परंतु व्यवहार शिकत नाही. भाज्याचा मुलगा या एका बाबतीत त्याच्या पुढे निघून जातो. दुसरे असे की, घरी कामास येणाऱ्या बाईंची मुलगी, रोजच्या रिक्षावाल्याचा मुलगा अकरावीत असेल, तर त्यास एक प्रश्न जरूर विचारावा : पडताळणीचा अर्ज दिलास का? माहितीपुस्तिका शेजारी बसून एक तास वाचून द्यावी. पैशाची मदत प्रत्येकास शक्य नसते. माहितीची मदत बहुतेक घरांस शक्य असते आणि ती मागावयास संकोचणाऱ्यास आपण होऊनच द्यावी लागते.

भाज्याच्या लेण्यांत एका विहाराच्या खोलीच्या दारावर एक लहानसा ब्राह्मी लेख आहे. नांगर धरणाऱ्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने हे दान दिले, एवढाच त्याचा आशय. पावसाळ्यात एके ठिकाणी राहून अध्ययन-चिंतन करणाऱ्या भिक्षूंसाठी त्या खोल्या कोरल्या गेल्या. ते दान देणाऱ्या बाईस स्वतःस वाचता येत होते की नाही, कोणास ठाऊक. परंतु दुसऱ्या कोणास राहता यावे, शिकता यावे, म्हणून तिने आपल्या संसारातून काही बाजूला काढले. आजही आषाढात त्याच खोऱ्यातील एखादी शेतकरी आई चिखलातून वर येऊन, हात पुसून, मुलीच्या पिशवीतील कागद पुन्हा एकदा मोजते आणि तिला स्थानकाच्या वाटेस लावते. तिचे काम तिने केलेले असते. त्या पिशवीत एकही कागद कमी नसावा, एवढे पाहणे हे बाकीच्यांचे काम आहे.